कबड्डीतला पहिला करार : पैशाआधी मुदत वाचा

इच्छापोर (सुरत), प्रतिनिधी : पोराची लीगसाठी निवड झाली की गावात पहिला प्रश्न एकच असतो, "किती मिळाले?" आकडा लाखात असला की पेढे वाटले जातात, फ्लेक्स लागतो. "किती वर्षांसाठी?" हे मात्र फार थोडे जण विचारतात. चढाई करणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत हाच दुसरा प्रश्न पुढे जास्त महाग पडतो.

हजिरा-इच्छापोरच्या कारखान्यांत, उधना-लिंबायतच्या लूम्सवर कामाला आलेल्या नंदुरबार, धुळे, जळगावच्या घरांत कबड्डी नवी नाही. प्रो कबड्डीमुळे या खेळात पैसा आला आणि पैशाबरोबर करारही आला. हा करार कसा चालतो, खेळाडू त्यात कधी अडकतो आणि अडकल्यावर त्याच्या हातात काय उरतं, हे समजून घ्यायला आधी थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. कारण हे भांडण तिथे सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात उघडपणे झालं आहे.

अमेरिकेतला 'रेडर'

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात अंडाकृती चेंडू हातात धरून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत घुसायचं असतं. हे काम ज्याचं, तो 'रनिंग बॅक'. म्हणजे आपला चढाईपटूच समजा. प्रत्येक धावेला दोन-तीन धिप्पाड गडी अंगावर पडतात. त्यामुळे त्याची उमेदीची वर्षं लवकर येतात आणि लवकर संपतात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पस्तिशीतही खेळतो, पण रनिंग बॅकचे पाय तिशीच्या आतच बोलायला लागतात.

तिथल्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूचा लिलाव होत नाही. 'ड्राफ्ट' होतो. मागच्या हंगामात तळाला राहिलेला संघ आधी निवडतो, विजेता शेवटी. कोणत्या संघात जायचं हे खेळाडूच्या हातात नसतं.

२०११ पर्यंत निदान पहिल्या सहीआधी घासाघीस करता यायची. २००५ मध्ये शिकागोने चौथ्या क्रमांकावर निवडलेला रनिंग बॅक सेड्रिक बेन्सन ३६ दिवस सही न करता घरी बसला होता. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. मालकांना हे झेपेना. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला आणि नव्या पोरांचा पगार निवडीच्या क्रमांकानुसार बांधून टाकला गेला. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. एका वर्षात एवढा फरक!

नियम असा झाला : पहिला करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतला खेळाडू असेल तर पाचवं वर्ष ठेवायचं की नाही, हे संघ ठरवणार. त्यानंतरही 'फ्रँचायझी टॅग' लावून संघ त्याला ठरलेल्या रकमेत आणखी एक वर्ष रोखू शकतो. आणि तीन हंगाम पूर्ण झाल्याशिवाय करार नव्याने लिहायचा नाही.

आता हिशोब करा. २१-२२ व्या वर्षी आलेला पोरगा पाच-सहा वर्षं बांधलेला. रनिंग बॅकची चांगली वर्षं तेवढीच. तो मोकळा होतो तेव्हा संघ म्हणतो, "तुझे पाय झिजले."

अडून बसलेले

म्हणून तिसरा हंगाम संपला की रनिंग बॅक अडून बसायला लागले. करार चालू असतानाच सरावाला जायचं नाही, रोजचा दंड सोसायचा आणि नवा करार मागायचा.

डॅलसचा एझिकिएल इलियट २०१६ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला होता. पहिल्या तीनपैकी दोन हंगामांत तो लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड धावला. २०१९ चा त्याचा पगार ३८.५ लाख डॉलर होता. तो सराव शिबिराला गेलाच नाही, मेक्सिकोत जाऊन बसला. गैरहजेरीचा दंड दिवसाला ४० हजार डॉलर. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर मालक नमले आणि सहा वर्षांच्या वाढीव मुदतीचा ९ कोटी डॉलरचा करार झाला. त्यातले ५ कोटी पक्के होते. मात्र हा करार पूर्ण झाला नाही. मार्च २०२३ मध्ये संघाने त्याला सोडून दिलं.

त्याच वर्षी चार्जर्स संघाचा मेल्विन गॉर्डनही अडून बसला. २०१५ च्या ड्राफ्टमधला तो पंधरावा. त्याच्या मालकांनी दाद दिली नाही, कारण त्यांच्याकडे दुसरा धावणारा तयार होता. चार सामने बुडवून गॉर्डन जुन्याच पगारावर परतला. पुढच्या वर्षी त्याला डेन्व्हरकडून दोन वर्षांचे १ कोटी ६० लाख डॉलर मिळाले.

तिसरा साक्वॉन बार्कली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. पाच वर्षं झाली तरी २०२३ मध्ये त्याच्यावर टॅग लागला, एका वर्षाचे १ कोटी डॉलरच्या थोडे वर. तो नाराज झाला, पण शेवटी थोडी वाढ घेऊन एक वर्ष खेळला आणि मुदत संपवली. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले. त्या हंगामात तो २००५ यार्ड धावला आणि संघ सुपर बोल जिंकला.

तिघांची गोष्ट एकत्र वाचली की एक गोष्ट कळते. अडून बसणं कामी येतं ते मालकाकडे दुसरा गडी नसेल तेव्हाच. बाकीच्यांना मुदत संपण्याची वाट बघावी लागते, आणि तोवर पाय शाबूत राहावे लागतात.

आपल्याकडे जडेजाचं बुडालेलं वर्ष

आपल्याकडे असं कोण करतं, असं वाटेल. केलं आहे, आणि तेही गुजरातच्याच पोराने.

२००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या संघातली मुलं लिलावात नव्हती. त्यांची वाटणी ड्राफ्टने झाली, पैसे आधीच ठरलेले. जामनगरचा रवींद्र जडेजा राजस्थान रॉयल्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला. दोन हंगामांनंतर करार पुढे चालवायची वेळ आली तेव्हा त्याने राजस्थानशी सही केली नाही आणि मुंबई इंडियन्सशी बोलणी केली, असा ठपका आयपीएलने ठेवला. शिक्षा म्हणून २०१० चा अख्खा हंगाम तो बाहेर बसला.

पुढे काय झालं? २०११ च्या लिलावात कोचीने त्याला साडेनऊ लाख डॉलरला घेतलं. २०१२ मध्ये चेन्नईने २० लाख डॉलर मोजले. बाजारात त्याची किंमत आधीच किती वर गेली होती, हे यावरून कळतं. पण ती मिळायला एक वर्ष घालवावं लागलं.

२०११ मध्ये मनीष पांडेवर चार सामन्यांची बंदी आली. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूंचा पगार तेव्हा अनुभवानुसार १०, २० किंवा ३० लाख असा बांधलेला होता आणि त्याबाहेर बोलणी करायला मनाई होती. या खेळाडूंसाठी लिलाव खुला झाला तो २०१४ मध्ये. त्याच लिलावात कर्ण शर्माला ३ कोटी ७५ लाख मिळाले. कुठे ३० लाख आणि कुठे पावणेचार कोटी!

कबड्डीचा ताळेबंद

आता कबड्डी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड या सीमेवरच्या तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६.४ लाखांना यू मुंबाकडे गेला. पहिल्याच हंगामात त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढचा लिलाव लगेच २०१९ मध्ये होता आणि तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्या लिलावातला तो सगळ्यात महाग खेळाडू ठरला.

त्यानंतरचे आकडे बघा. २०२१ मध्ये १ कोटी ३० लाख. तो हंगाम दुखापतीने जवळजवळ वाया गेला. २०२२ मध्ये २० लाख. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सकडून पुन्हा १ कोटी. पाच वर्षांत हा चढ, हा उतार. समजा पहिला करार ३६.४ लाखांवरच तीन वर्षं बांधलेला असता, तर १ कोटी ४५ लाखांचं ते वर्ष आलंच नसतं आणि दुखापत मात्र आलीच असती.

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर चढाईपटूचे गुडघे-खांदे ही घसारा लागणारी मशिनरी आहे. फरक एवढाच, की हा घसारा मालकाच्या वहीत दिसत नाही, खेळाडूच्या अंगावर पडतो.

आता दुसरी बाजू. संघांनाही नवखी पोरं स्वस्तात आणि जास्त काळ हवी असतात, आणि त्यांचा हिशोब चुकीचा नाही. २०२३ मध्ये प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंसाठी ५ कोटींची मर्यादा होती. तेलुगू टायटन्सने त्यातले २ कोटी ६०.५ लाख एकट्या पवन सेहरावतवर घातले आणि संघ तळाला राहिला. तिकडे पुणेरी पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही आपली तरुण पोरं लिलावात जाऊच दिली नाहीत, राखून ठेवली. वाचलेल्या पैशातून इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला अंतिम सामन्यात पुण्याने हरियाणाला २८-२५ ने हरवलं. नगर जिल्ह्यातला अस्लम कर्णधार होता.

त्या हंगामाआधी सगळ्या संघांनी मिळून ८४ खेळाडू राखले होते. त्यातले ६२ 'राखीव तरुण' आणि 'नवे तरुण' या दोन गटांतले. संघ कुणाला सोडत नाहीत, ते इथे दिसतं. लिलावात हातोडा पडला की भाव बाजार ठरवतो. राखलेल्या पोराचा भाव करार ठरवतो.

यात फायदा काहीच नाही असं नाही. नवख्याला प्रशिक्षण, खुराक, फिजिओ आणि मोठ्या खेळाडूंबरोबर सराव मिळतो. त्याच तुकडीतली कितीतरी पोरं एकही सामना न खेळता परत जातात, त्यांचा खर्च संघच उचलतो. पण अमेरिकेत पगाराचे नियम खेळाडूंच्या संघटनेशी बसून ठरतात. आपल्या कबड्डीपटूंच्या मागे तेवढी ताकदवान संघटना नाही. इथे पोरगा आणि त्याचा बाप दोघेच टेबलावर असतात.

कायदा कुणाच्या बाजूने?

याचं उत्तर देणारा निकाल नगर जिल्ह्यातल्याच, श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात मिळतो. २००० साली झहीरने पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी जाहिरातींच्या कामासाठी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम होतं : मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर आधी तो पर्सेप्टला दाखवायचा, आणि त्यांनी तेवढंच देऊ केलं तर त्यांच्याकडेच राहायचं. झहीरने हे मानलं नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च २००६ मध्ये कोर्टाने सांगितलं की मुदत संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारं असं कलम भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली चालणार नाही.

याचा सरळ अर्थ असा. मुदत संपली की कायदा खेळाडूच्या बाजूला झुकतो. मुदत चालू आहे तोवर करार पाळावा लागतो. तुम्हाला जबरदस्तीने मैदानात उतरवलं जाणार नाही, पण दुसरीकडे खेळायला मनाई होऊ शकते, भरपाई मागितली जाऊ शकते आणि लीगची बंदी वेगळीच.

आणखी एक. १८ वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने करारच ठरत नाही. कलम ११ आणि १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा मोहरी बीबी खटला, दोन्ही हेच सांगतात. म्हणून अकॅडमीवाले बापाची सही मागतात. ती सही करताना आपण काय कबूल करतो आहोत, हे बापाने वाचायलाच हवं.

आपल्या सीमाभागाला हे नवं नाही. नंदुरबार-डांगकडून बारडोलीकडे ऊसतोडीला येणारी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर बांधली जातात. उचल किती, यापेक्षा ती फिटणार कधी, यावर वर्षाचं गणित ठरतं. खेळाडूच्या कराराचंही तसंच आहे.

सही करण्याआधी विचारा

• करार किती हंगामांचा? एक, दोन की तीन? आणि पुढे वाढवायचा हक्क फक्त संघाला आहे की दोघांना?

• मुदत वाढली तर रक्कम वाढते का, आणि किती?

• खेळात दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा? त्या हंगामाचे पूर्ण पैसे मिळतात का?

• संघात नाव आहे पण सामना खेळवला नाही, तर किती मिळतात?

• मुदत संपल्यावर लिलावात जायला कुणाची परवानगी लागते का?

• कराराची प्रत घरी आहे का? मोबाइलमधला फोटो पुरेसा नाही.

स्टॅम्पपेपरवर घाईने सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवा. दोन हंगामांच्या जागी एक हंगाम लिहून मिळाला आणि रक्कम थोडी कमी झाली, तरी अंगात खेळ असलेल्या चढाईपटूसाठी तो बहुतेक वेळा फायद्याचाच सौदा ठरतो.