पाठ टेकल्यावर

आपल्याकडे तालमीच्या आसपास वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. दोन्ही खांदे मातीला लागले, की कुस्ती संपली. हलगी कडाडते, जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो, बक्षिसाच्या नोटा त्याच्या हातात पडतात. आणि हरलेला अंगावरची माती झटकत गर्दीत कुठे नाहीसा होतो, ते कुणी पाहत नाही. ‘चितपट’ हा शब्द तर आपण आखाड्याबाहेरही सर्रास वापरतो. निवडणुकीत उमेदवार चितपट होतो, धंद्यात भागीदार. एकदा पाठ टेकली, की त्या माणसाचं पुढं काय झालं हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

ज्युदोत मात्र पाठ टेकल्यावरही पुष्कळ काही घडतं. कॉलेजात असताना मी चार वर्षं ज्युदो शिकलो. आमच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हां सगळ्यांना मॅटवर उताणं झोपवलं आणि ‘आता इथून लढायचं’ असं सांगितलं. कोल्हापूरकडची दोन मुलं होती वर्गात; ती एकमेकांकडे बघून हसली होती. समोरच्याला जोरात, स्वच्छ पाठीवर आदळलं तर ‘इप्पोन’ मिळतो आणि सामना संपतो, इथवर कुस्तीशी नातं आहे. पण फेक अर्धवट झाली, माणूस कुशीवर किंवा गुडघ्यांवर पडला, तर झुंज जमिनीवर सुरू राहते. तिथं तीन वाटा असतात. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर दाबून ठरावीक काळ धरायचं (पूर्वी २५ सेकंद लागत, आता २०), त्याचं कोपर ताणायचं, किंवा कॉलरनं, हातानं वा पायानं मान आवळायची. या साऱ्या विद्येला जपानी भाषेत ‘ने-वाझा’ म्हणतात. आपल्या घिस्सा मारणाऱ्या पैलवानाला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथं खाली उताणा पडलेला माणूसही वरच्याला हरवू शकतो. त्याचे पाय मोकळे असतात आणि ते पाय म्हणजे त्याचे आणखी दोन हात असतात.

या विद्येतला माझ्या पाहण्यातला सर्वांत देखणा खेळाडू म्हणजे ब्राझीलचा फ्लाव्हिओ कांतो. जन्म १९७५चा, तोही इंग्लंडात ऑक्सफर्डला, कारण वडील भौतिकशास्त्राचे अभ्यासक. घर शिकलेलं, सुस्थितीतलं. ज्युदोकडे वळला तो चौदाव्या वर्षी, म्हणजे या खेळाच्या मानानं उशिराच. पुढं त्यानं कायद्याची पदवी घेतली, २००३ साली सांतो दोमिंगोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ८१ किलो गटात ब्राँझ.

पदकांच्या यादीत त्याच्याहून मोठी नावं ब्राझीलकडेच आहेत. १९८८ला सोलमध्ये सुवर्ण जिंकणारा ऑरेलिओ मिगेल आहे, १९९२ला बार्सिलोनात जिंकणारा रोजेरिओ साम्पायो आहे. तरी जमिनीवरच्या ज्युदोची चर्चा निघाली, की जगभरचे जाणकार कांतोचं नाव घेतात. त्याच्या सामन्यांची चित्रणं मी कितीदा पाहिली असतील! ज्युदोत पंच फार वेळ देत नाही. जमिनीवर काही प्रगती दिसली नाही, की काही सेकंदांत ‘मात्ते’ म्हणून दोघांना उभं करतो. बहुतेक खेळाडू म्हणून जमिनीवर गेल्यावर नुसते गोगलगाईसारखे अंग आक्रसून घेतात आणि पंचाच्या हाकेची वाट बघतात. कांतो त्यांना तेवढा वेळ द्यायचा नाही. प्रतिस्पर्धी अजून हवेतून खाली येत असतानाच त्याचे हात पुढच्या पकडीच्या शोधात असायचे. उभी झुंज कुठं संपली आणि आडवी कुठं सुरू झाली, ती रेघच दिसत नसे. समोरच्यानं मान वाचवली की त्याचं कोपर उघडं पडायचं, कोपर आत ओढलं की मान. घाई कुठेच नाही, पण थांबणंही नाही.

रिओच्या माणसाला हे जमावं यात नवल नाही म्हणा. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलमध्ये आला, पुढं बेलेम शहरी स्थायिक झाला आणि तिथं त्यानं ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसला धडे दिले. त्या धड्यांतून जमिनीवरच्या झुंजीचं एक वेगळं शास्त्रच ब्राझीलमध्ये वाढलं. कोकणातल्या पोराला पोहणं यावं, तसं तिकडच्या पोरांना ते येतं.

पण कांतोबद्दल लिहावंसं वाटलं, ते या कौशल्यामुळे तेवढं नाही. १९९६ला अटलांटाचं ऑलिंपिक खेळून आलेला हा खेळाडू २०००च्या सिडनी ऑलिंपिकसाठी मात्र पात्र ठरला नाही. त्याच सुमारास तो रोसिन्यात मुलांना विनामूल्य ज्युदो शिकवायला जाऊ लागला. रोसिन्या ही रिओच्या दक्षिण भागातली डोंगरउतारावरची प्रचंड झोपडवस्ती. तिकडे अशा वस्तीला ‘फवेला’ म्हणतात. एका बाजूला गावेआ, दुसऱ्या बाजूला समुद्राकाठचं साँव कोनराडो, दोन्ही श्रीमंतांचे भाग, आणि मध्ये विटांच्या घरांवर घरं चढलेली ही वस्ती. मुंबईकराला हे दृश्य समजावून सांगायला नको. अमली पदार्थांच्या टोळ्या, पोलिसांचे छापे, गोळीबार, हे तिथल्या मुलांच्या रोजच्या जगण्यातलं. २००३ साली कांतोनं या कामाला संस्थेचं रूप दिलं आणि नाव ठेवलं ‘इन्स्तितुतो रेआसाँव’. रेआसाँव म्हणजे प्रतिक्रिया, उलट उठून दिलेलं उत्तर. ज्युदोबरोबर अभ्यास, वाचन, शिष्यवृत्त्या असं सारं तिथं आहे. ब्रीद असं, की मॅटवरचे आणि मॅटबाहेरचेही ‘ब्लॅकबेल्ट’ घडवायचे.

इथं एक शंका येते, आणि ती रास्त आहे. आमच्या शेजारच्या एक काकू नातवाला ज्युदोला घालायचं म्हटल्यावर मला म्हणाल्या होत्या, “अरे, आधीच ही कार्टी कमी मारामाऱ्या करतात का, की तू त्यांना गळा आवळायला शिकवतोस?” काकूंचा नातू सोसायटीत वाढलेला. ज्या गल्लीत चौदा वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक येऊ शकते, तिथं गळा आवळायची विद्या शिकवणं म्हणजे आगीत तेल नव्हे काय?

याचं उत्तर मला जमिनीवरच्या ज्युदोतल्या एका लहानशा नियमात दिसतं. मान आवळली गेली किंवा कोपर ताणलं गेलं आणि सहन होईना, की खालच्यानं समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटायचं. थाप पडली की सोडायचं. तत्काळ. ‘अजून थोडं’ नाही, विचार करायचा नाही, पंचाकडे बघायचं नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, म्हणजे हा नियम शोभेचा नाही. (अगदी लहान मुलांना या पकडी शिकवत नाहीत; त्यांना नुसतं दाबून धरणं आणि सुटणं.) सरावात हे एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा घडतं. आपली मान दुसऱ्याच्या हातात द्यायची, त्यानं ती सोडली की आपण त्याची धरायची, आणि त्यानं थापटलं की सोडायची. ताकद हातात आलेली असताना ती सोडून देण्याचा हा सराव आहे. दुसऱ्या कुठल्या शाळेत तो इतक्या वेळा करून घेतात, मला ठाऊक नाही. १८८२ साली ज्युदोची स्थापना करणारे जिगोरो कानो हे पेशानं शिक्षक होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, हे इथं आठवतं. दोघांचंही भलं व्हावं हे त्यांनी या खेळाचं एक मूळ तत्त्वच सांगितलं आहे.

जगाला ही संस्था कळली ती राफाएला सिल्वामुळे. १९९२चा जन्म, वस्ती सिदादे दे देउस. ‘सिटी ऑफ गॉड’ या २००२च्या चित्रपटानं जगभर गाजलेली तीच. मुलगी रस्त्यावर फार भांडते म्हणून वडिलांनी तिला ज्युदोला घातलं. तिथं तिला जेराल्दो बर्नार्देस भेटले. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचे जुने प्रशिक्षक, आणि कांतोच्या कामातले मोठे आधारस्तंभ. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या हेडविग काराकसविरुद्ध तिनं पायाला हात घातला. नव्या नियमानुसार ते निषिद्ध होतं, तिला बाद करण्यात आलं. त्या रात्री तिच्या कातडीच्या रंगावरून तिला जे काही लिहिलं गेलं, ते इथं छापण्यासारखं नाही. तिनं खेळ सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. सोडला नाही. २०१३ला रिओतच ती जगज्जेती झाली आणि ८ ऑगस्ट २०१६ला, घरापासून काही किलोमीटरवर, ५७ किलो गटात ऑलिंपिक सुवर्ण. त्या ऑलिंपिकमधलं यजमानांचं ते पहिलं सुवर्ण; आणि वाटेत उपान्त्यपूर्व फेरीत समोर होती तीच काराकस.

वर्तमानपत्रांना गोष्ट इथं संपलेली आवडते. ती संपली नाही. २०१९ला लिमाच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत तिच्या चाचणीत फेनोटेरॉल हे दम्याचं औषध सापडलं, सुवर्ण काढून घेतलं गेलं, दोन वर्षांची बंदी आली, टोकिओ हुकलं. आपण ते जाणूनबुजून घेतलं नाही असं तिचं म्हणणं होतं. लवादानं बंदी कायम ठेवली. २०२२ला ताश्कंदमध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली आणि २०२४ला पॅरिसला मिश्र सांघिक स्पर्धेत इटलीविरुद्ध बरोबरी झाल्यावर निर्णायक लढत तिच्या वाट्याला आली. तिनं ती जिंकली, ब्राझीलला ब्राँझ मिळालं.

एक राफाएला होते, तेव्हा तिच्याबरोबर मॅटवर आलेल्या शेकडो मुलांची नावं कुणालाच कळत नाहीत, हेही खरं. पदकावरून अशा कामाचं मोल करू लागलो तर ही सगळी मुलं तोट्याच्या बाजूला मांडावी लागतील. म्हणून मला बर्नार्देस यांच्याकडे आलेल्या आणखी दोघांची हकिकत जास्त महत्त्वाची वाटते.

पोपोले मिसेंगा आणि योलांदे माबिका हे दोघे काँगोचे. युद्धाच्या धुमाळीत दोघांचीही घरं लहानपणीच सुटली. मिसेंगा नऊ वर्षांचा असताना जंगलात आठ दिवस भटकत होता. २०१३च्या जागतिक स्पर्धेसाठी दोघांना रिओला आणलं गेलं आणि तिथं त्यांची उपासमार झाली. पारपत्रंही त्यांच्या हातात नव्हती. दोघं हॉटेलातून निघाली ती परत गेलीच नाहीत. ब्राझीलनं त्यांना आश्रय दिला आणि ती कांतोच्या संस्थेत सरावाला येऊ लागली. सुरुवातीला ती सरावातही इतकी आडदांड खेळायची, की बाकीची मुलं त्यांच्याबरोबर जोडी लावायला कचरत. कारण काय, तर मायदेशात सामना हरलं की कोंडून ठेवत. हरणं म्हणजे कोठडी, हेच डोक्यात बसलेलं. अशा माणसाला समोरच्यानं थापटलं की सोड, हे शिकवायला किती दिवस लागत असतील?

२०१६च्या ऑलिंपिकमध्ये निर्वासितांचा संघ पहिल्यांदाच उतरला, त्यात हे दोघे होते. माबिका पहिल्याच फेरीत हरली. ९० किलो गटात मिसेंगाची पहिली लढत होती आपल्या गुरदासपूरच्या अवतार सिंगशी. रिओत गेलेला तो एकटाच भारतीय ज्युदोपटू. मी अर्थातच अवतारच्या बाजूनं बसलो होतो. प्रेक्षक मात्र मिसेंगाच्या नावाचा घोष करत होते, जणू तो त्यांच्याच गल्लीतला. मिसेंगा जिंकला. निर्वासितांच्या संघासाठी ऑलिंपिकमध्ये ज्युदोची लढत जिंकणारा तो पहिला. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या फेरीत जगज्जेत्या कोरियन ग्वाक डाँग-हाननं मिसेंगाला हरवलं.