काच बसली, खिडकी राहिली

टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कटर लावता येत नाही. सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून, दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून ती झटकन थंड केलेली असते. वरचा थर आधी आवळतो, गाभा मागाहून. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला ताणाखाली राहतो. तिची सगळी ताकद या ओढाताणीत असते, आणि एका जागी खोल मार बसला की ती सगळीच्या सगळी बारीक दाण्यांत विखुरते तीही याचमुळे. माप, कोपरे, भोकं, जे करायचं ते भट्टीत घालण्याआधी. म्हणून तंजावरच्या त्या दुकानात मेस्त्रींनी कटर रॉकेलच्या डबीत बुडवला, पट्टीच्या कडेने नव्या काचेवर रेघ ओढली आणि खालून हलकी टिचकी मारताच काच रेघेवर सरळ दुभंगली, तेव्हा मला कळून चुकलं की आमच्या खिडकीत टफन काच बसणार नाही. बोलणं मात्र टफनचं झालं होतं आणि आगाऊ पैसेही टफनच्याच हिशेबाने दिले होते.

आमची गाडी फोर्स ट्रॅव्हलरवर पुण्यात बांधून घेतलेली. आत दोन बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी, मागे आडवा बिछाना आणि बिछान्याला लागून उजव्या अंगाची सरकती खिडकी. तिरुचीहून तंजावरला येताना आम्हाला ओलांडून जाणाऱ्या टिपरच्या चाकातून दगड उडाला आणि त्या खिडकीची मागची काच बिछान्यावर दाण्यांचा सडा होऊन पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. टफन काच असते ती याचसाठी. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम समोरच्याच नव्हे, बाजूच्या खिडक्यांनाही सुरक्षा काचच असली पाहिजे असं सांगतो. साधी काच फुटते तेव्हा तिचे लांब, टोकदार सुळे होतात, आणि आमच्या गाडीत त्या काचेपासून वीतभर अंतरावर माणसाचं डोकं उशीवर असतं.

महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते 2021 मध्ये, केरळनेही त्याच वर्षी. गाड्या रस्त्यावर आल्या, पण त्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था त्यांच्यामागे आली नाही. इंजिन बिघडलं तर तालुक्याच्या गावीही कुणीतरी भेटतं. खिडकी, छतावरची झडप, पाण्याचा पंप बिघडला की तुम्ही अशा माणसाच्या दारात उभे राहता ज्याचा धंदा दुसराच असतो. आमच्या वाट्याला आलं ते बस आणि लॉरीच्या काचा बसवणारं दुकान. पत्र्याची उंच शेड, लाकडी चौकटींना टेकवून ठेवलेल्या काचा, रबराच्या बीडिंगची वेटोळी, भिंतीवर विनायक आणि मुरुगनच्या तसबिरी. तंजावरच्या मराठी घरातले आमच्या ओळखीचे एक काका सोबत आले होते. त्यांची मराठी माझ्या आजीच्या मराठीच्याही मागची, मधूनमधून तमिळ शब्द सहज मिसळलेली. मेस्त्रींशी सगळं बोलणं त्यांनीच केलं.

आमच्या आधी एका खासगी बसचं काम चालू होतं आणि ते बघताना मी थक्क झाले. पुढची मोठी काच खाली गाद्यांवर आडवी. तिच्या चारी कडांना मेस्त्रींनी रबर चढवलं. रबराला बाहेरच्या बाजूने दुसरी खाच असते, ती पत्र्याच्या ओठावर बसायची असते. त्या खाचेत त्यांनी नायलॉनची दोरी फिरवली, दोन्ही टोकं तळाशी मोकळी ठेवली, पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावलं. दोघांनी काच उचलून बाहेरून चौकटीला टेकवली. मेस्त्री आत गेले. बाहेरच्या पोराने तळव्याने काच दाबून धरायची आणि मेस्त्रींनी आतून दोरीचं टोक हळूहळू ओढत जायचं, की दोरी सुटते तिथे रबराचा ओठ उचलला जाऊन पत्र्यावर चढतो. कोपऱ्याशी ते थांबत, पोराला एक शब्द सांगत, तो तळवा सरकवी, मग पुन्हा ओढत. दोरी पूर्ण निघाली तेव्हा काच जागेवर होती. कुठे हातोडी नाही की जोर नाही. इतकं जाणतं काम करणाऱ्या माणसाच्या हातात आपली खिडकी जाणार याचं मला समाधान वाटलं होतं. पुढची निराशा म्हणूनच जास्त लागली.

बसची पुढची काच आणि आमची खिडकी यांच्यात जो फरक आहे, त्याचा विचार त्या दुकानात कुणीच केला नाही. पुढची काच अचल असते. तिच्या रबराने पाणी अडवायचं, संपलं. सरकत्या खिडकीला पाणी अडवणं जमतच नाही. दोन काचा एकमेकींच्या मागेपुढे सरकायच्या, तर त्यांच्यात फट राहणार, आणि पावसाचं पाणी त्या फटीतून खालच्या चॅनेलमध्ये उतरणारच. बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. म्हणून अॅल्युमिनियमच्या चॅनेलची आतली भिंत उंच असते, बाहेरची ठेंगणी, आणि बाहेरच्या भिंतीला तळाशी बारीक चिरा पाडलेल्या असतात. आत आलेलं पाणी त्या चिरांतून गाडीच्या बाहेर ओघळून जातं. चिरा उघड्या आहेत तोवर खिडकी कोरडी.

आमच्या खिडकीवरचं काम सुरू झालं तेव्हा मेस्त्री दुसऱ्या बसकडे गेले होते आणि हत्यारं पोराच्या हातात होती. त्याने चॅनेलमधले काचेचे दाणे रंगाच्या ब्रशने झाडले. जे खाचेत अडकले ते तसेच राहिले. काच अशा दाण्यावर बसली की तिचं सगळं वजन त्या एका टोकावर येतं आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी तडा तिथूनच सुरू होतो. चॅनेलमधली जुनी केसाळ पट्टी झिजली होती, ती बदलली नाही. चौकट आणि पत्रा यांच्यामधलं जुनं सिलिकॉन सुटलं होतं. ते खरवडून, पुसून, कोरडं करून मग नवं भरायला हवं, कारण जुन्या मळलेल्या सिलिकॉनला नवं धरत नाही. त्याने जुन्यावरच नवी नळी चालवली. व्हिनेगरसारखा झोंबरा वास सुटला. तो वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, धातूच्या चौकटीला ते बरं नाही. तिथे बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन लागतं. मी काकांना सांगितलं, काकांनी पोराला, पोराने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले की सगळ्या बसना हेच लावतो.

मग चिरांची पाळी आली. बाहेरून बघणाऱ्याला त्या चिरा म्हणजे काम करताना राहून गेलेली भोकंच वाटतात. पोराने प्रत्येकीवर सिलिकॉनचा थेंब ठेवला आणि बोट ओलं करून तो सपाट, नीटस पसरवला. मी थांबायला सांगितलं. काकांनी तमिळमधून दोनदा समजावलं. तेवढ्यात मेस्त्री आले, वाकून बघितलं, अंगठ्याने कड दाबली आणि खात्रीने म्हणाले, “तण्णी वरादु, अम्मा.” पाणी येणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य पाणी बाहेर ठेवण्यात गेलं होतं, आणि त्यांच्या लेखी उघडं भोक ही गळतीच होती.

काचेचं विचारलं तेव्हा मालकांचं उत्तर तयार होतं. टफन काच मापाने बनवून बाहेरगावाहून येणार, त्याला वेळ लागणार, तुम्ही तर प्रवासी. ही जाड आहे, काही होत नाही. आधी सांगितलं असतं तर आम्ही तंजावरात आनंदाने थांबलो असतो. आलोच होतो सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद बघायला आणि सरफोजी राजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास सावकाश वाचायला. ग्राहकाला घाई आहे हे त्यांनी परस्पर ठरवलं आणि त्या घाईचं निमित्त करून काच बदलली. माझा राग याच गोष्टीवर आहे. चुकीचं सिलिकॉन अज्ञानातून लागतं, साधी काच टफन म्हणून लावली जाते ती जाणूनबुजून. बिल मागितलं तर वहीच्या पानावर एकच आकडा लिहून मिळाला. काचेचा प्रकार नाही, दुकानाचा शिक्का नाही.

ते दिवस ऐप्पसी या तमिळ महिन्याचे होते, तमिळनाडूचा खरा पाऊस याच सुमारास ईशान्येकडून येतो. सिलिकॉन वरून पाऊण तासात कोरडं वाटलं तरी आतपर्यंत ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सुकत जातं. त्याच संध्याकाळी सरी कोसळल्या. चॅनेल भरलं, बाहेर जायला वाट नव्हती, पाणी आतली उंच भिंत ओलांडून प्लायच्या अस्तरामागे उतरलं. बिछाना तर भिजलाच, पण गादी उन्हात वाळते. अस्तरामागची काचलोकर वाळत नाही. ती पाणी धरून ठेवते, प्लाय फुगतो, पत्रा आतून गंजतो, आणि दिव्यांच्या तारा तिथूनच जातात.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर काका आम्हाला शिवगंगा तलावाच्या काठाने घेऊन गेले. या शहरात पूर्वी सेवप्पनायकन तलावातलं पावसाचं पाणी गाळून शिवगंगेत येई आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी अय्यनकुळमसारख्या गावातल्या तळ्यांत जाई. इथल्या नायक आणि मराठा राजांच्या काळात ही व्यवस्था नांदती होती, अलीकडे तिचा काही भाग पुन्हा चालू केला आहे. काका तिथे उभं राहून मला ते अभिमानाने सांगत होते, आणि कालच्या प्रकाराची त्यांना माझ्याहून जास्त लाज वाटत होती. त्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. गावच्या पाहुण्याला गावातल्या दुकानाने असं वागवावं हे त्यांना सहन होत नव्हतं. तिथून ते तडक दुकानात गेले. मालकांनी पोराला नळी घेऊन पाठवलं. त्याने होत्या त्या थरावर तिसरा थर चढवला.

परतीच्या वाटेवर आम्ही करूरला वळलो. करूर हे बसच्या बॉड्या बांधणारं गाव. दक्षिणेतल्या कितीतरी खासगी बस तिथल्या शेडमधून निघतात. तिथल्या कारागिराने आधी काचेला हातही लावला नाही. बागेची नळी घेऊन तो खिडकीच्या खालच्या कडेवर पाणी सोडत उभा राहिला, त्याचा सोबती आत टॉर्च घेऊन. खालून काही दिसेना तेव्हा नळी थोडी वर, मग बाजूला, मग सगळ्यात शेवटी माथ्यावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि ते शिरलं कुठून हे कळत नाही. आत जिथे ओल दिसली तिथे सोबत्याने खडूने खूण केली. मग आतल्या कडीचे स्क्रू काढून अख्खी चौकटच बाहेर घेतली. सिलिकॉनचे तिन्ही थर प्लास्टिकच्या पात्याने सोलले, चिरा तारेने मोकळ्या केल्या, खाचेतले दाणे चिमट्याने उचलले. साधी काच बाजूला ठेवून त्याने टफनसाठी कागदावर माप घेतलं आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ती काटकोनात असल्याचं पाहिलं. काच येईपर्यंत खिडकीला पत्रा ठोकून दिला. काच आली तेव्हा तिच्या कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का होता. माझ्या पोलराइज्ड गॉगलमधून तिरकं पाहिलं की तिच्यात भट्टीच्या झोतांचे फिकट ठिपकेही दिसत. खाली रबराचे छोटे ठोकळे, चॅनेलला नवी पट्टी, चौकटीमागे ब्युटाइलची चिकट फीत, स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे. गाडी लगेच न्यायला त्याने नकार दिला. सिलिकॉन सुकू दे म्हणाला.

भिजलेलं अस्तर पुण्यात उघडलं. काचलोकर काढून टाकावी लागली, प्लायचा खालचा अर्धा बदलला, पत्र्यावर गंज धरायला लागला होता तो घासून रंग दिला. तंजावरचं ते पान घेऊन मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते. त्यासाठी तंजावरला खेटे घालावे लागत नाहीत. पण पानावर ‘टफन’ हा शब्दच नसेल तर काय कबूल केलं होतं हे सिद्ध करणं अवघड, असं वकील मैत्रीण म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मी आता कामाआधीच काचेची जाडी, प्रकार आणि शिक्का कागदावर लिहून घेते.

मी तंजावरच्या दुकानाला पत्र लिहिलं. काकांनी ते तमिळमध्ये उतरवलं, सोबत करूरला काढलेले फोटो जोडले. बंद केलेल्या चिरांचा, खाचेतल्या दाण्यांचा आणि तारेने चिरा मोकळ्या केल्यावर बाहेर ओघळणाऱ्या पाण्याचा. मेस्त्रींसाठी वेगळा मजकूर लिहिला, सरकत्या खिडकीत पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते चित्र काढून. मालकांना विचारलं की आमच्यासारखी साधी काच आणखी कोणत्या गाड्यांत बसवली आहे आणि त्यांना ते कळवणार का. पैसे परत मागितले नाहीत. काकांनी पत्र स्वतः नेऊन दिलं. मेस्त्रींनी चित्र बराच वेळ पाहून खिशात ठेवलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मालकांचं उत्तर अजून आलेलं नाही. काका या महिन्यात पुन्हा जाणार आहेत.