हवेची पेटी

संस्कृत शिकवीत असतां आम्हांस एक अनुभव नेहमीं येत असे. संधि सोडवावयास सांगितला कीं वर्गांतील निम्मीं मुलें हात वर करीत; परंतु दोन पदें फळ्यावर लिहून त्यांचा संधि करावयास सांगितला, कीं सगळा वर्ग चिडीचूप. सोडविणें सोपें, जोडणें कठीण, हा न्याय व्याकरणापुरताच आहे अशी आमची समजूत होती. तो यंत्रांसहि लागू पडतो हें आम्हांस कळलें तें वयाची पासष्टी उलटल्यावर, स्वतःच्याच अंगणांत, एका जुन्या मोटारसायकलीपुढें पाट घेऊन बसलों असतां. ती हकीगत वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे. कारण त्यांतील चूक जिवावर बेतण्यासारखी होती आणि ती कोणत्याहि सुशिक्षित घरीं होऊं शकेल अशीच आहे.

ही मोटारसायकल आमच्या धाकट्या बंधूंची. तिचें नांव राजदूत ३५०. जपानांतील यामाहा कंपनीच्या आरडी ३५० या गाडीवरून फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनें ती तयार केली. १९८३ सालीं ती बाजारांत आली आणि तें दशक सरतां सरतां बंदहि झाली. ३४७ सीसीचें टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, सहा गिअर आणि पेट्रोलची भूक भारी! आमच्या बंधूंनीं पगारांतून पैसा पैसा बाजूस टाकून १९८६ सालीं ती घेतली, तेव्हां आमच्या तीर्थरूपांनीं त्यांच्याशीं आठ दिवस अबोला धरला होता. नवव्या दिवशीं तेच मागच्या बैठकीवर बसून पर्वतीपर्यंत जाऊन आले, ही गोष्ट निराळी. बंधु निवर्तल्यास आतां नऊ वर्षें झालीं. तेव्हांपासून गाडी जिन्याखालीं चादर पांघरून उभी होती.

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें ती पुन्हा चालती करण्याचें मनांत घेतलें व एका मेकॅनिकाकडे सोंपविली. त्यानें दोनहि कार्ब्युरेटर काढून धुतले, जेट साफ केले, येथपर्यंत सर्व ठीक झालें. परंतु परत बसवितांना बैठकीखालील हवेची पेटी कांहीं केल्या जागेवर येईना. तेव्हां ती बाजूस ठेवून त्यानें दोन कार्ब्युरेटरांच्या तोंडांवर दोन उघड्या जाळीदार गाळण्या चढविल्या. “पेटी काय करायची? उलट आतां गाडी मोकळा श्वास घेईल,” असें त्यानें सांगितलें, आणि तें आम्हां सर्वांस पटलें. चौथ्याच दिवशीं कात्रजचा घाट चढत असतां एका सिलिंडरांतील पिस्टन धरला गेला आणि मागचें चाक जागच्या जागीं अडकलें. पुतण्यानें प्रसंगावधानानें क्लच दाबला म्हणून चाक सुटलें व गाडी कडेला आली. मागून मालमोटार येत होती, हें त्यानें घरीं लगेच सांगितलें नाहीं; तें दोन दिवसांनीं समजलें. आमच्या भावजय त्या दिवशीं जेवल्या नाहींत. “भाऊजी, ती गाडी आजच्या आज भंगारांत द्या,” एवढेंच त्या म्हणाल्या.

त्यांचें म्हणणें खोडून काढण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. परंतु असें कां घडलें, तें समजून घेतल्यावांचून निर्णय करूं नये, अशी आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली. मास्तरकी सुटली तरी मास्तराची खोड सुटत नाहीं. पुतण्यानें जुनें दुरुस्तीचें पुस्तक मिळविलें, आम्हीं चष्मा पुसला, आणि अभ्यासास बसलों.

इंजिन हें श्वासावर चालतें. प्राणायामांतील पूरक, कुंभक व रेचक या तीनहि क्रिया त्यांत आहेत. टू-स्ट्रोक इंजिनांत पिस्टन वर जातांना त्याच्या खालच्या पोकळींत नवें मिश्रण ओढलें जातें, आणि त्याच वेळीं वरचें मिश्रण कोंडून दाबलें जातें. म्हणजे पूरक आणि कुंभक एकदमच. ठिणगी पडते, पिस्टन खालीं येतो, धूर बाहेर पडतो आणि खालचें मिश्रण वर चढतें. हें मिश्रण तयार करणें हें कार्ब्युरेटरचें काम. हवेची वाट मध्येंच अरुंद केली कीं तेथें हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. बर्नूली या स्विस पंडितानें १७३८ सालीं प्रवाहांविषयीं मांडलेलें हें तत्त्व. त्या उतरलेल्या दाबामुळें खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेंचलें जातें आणि त्याचे तुषार हवेंत मिसळतात. पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा पट हवा लागते. आकारमानानें पाहिलें तर एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारें ९,००० लिटर हवा! एवढी हवा जिच्यांतून जावयाची, ती पेटी बिनमहत्त्वाची कशी असेल?

ती पेटी तीन कामें करिते. धूळ गाळते, हा तिचा उघड उपयोग. दुसरें, श्वासाचा घरघराट कमी करते. तिसरें काम मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. इंजिन हवा ओढतें तें हिसक्याहिसक्यानें. शिवाय रस्त्यावरचा वारा आडवातिडवा. पेटीच्या पोटांत ही हवा क्षणभर स्थिरावते आणि दोनहि कार्ब्युरेटरांस सारखी वांटली जाते. तिच्यांतून येतांना हवेस जो थोडासा अडथळा होतो, तो हिशेबांत धरूनच कारखान्यांत जेटचें छिद्र ठरविलेलें असतें. पेटी काढली कीं हवा वाढते. पेट्रोल तेवढेंच राहतें. मिश्रण पातळ होतें. आणि पेट्रोल नुसतें जळत नाहीं, वाफ होतांना तें आंतल्या भागांस गारवाहि देतें. तो गारवा उणा पडला, चढावर मूठ बराच वेळ पिळलेली राहिली, कीं पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरास धरतो. ज्याला आम्ही ‘मोकळा श्वास’ समजलों, तो खरोखर ऊर्ध्वश्वास होता.

हें सारें आम्हीं भावजयींस समजावून सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. सायंकाळीं माळ्यावरून वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक वस्तु त्यांनीं आमच्यापुढें आणून ठेवली. ती हवेची पेटी होती. मेकॅनिकानें परत दिलेलें सामान पुतण्या टाकून देणार होता. ‘ह्यांच्या गाडीचें आहे’ म्हणून त्यांनीं तें जपून ठेवलें होतें.

सिलिंडर एका जाणत्या कारागिराकडून बोअर करून नवा पिस्टन बसविला. जोडणी मात्र घरींच करावयाची असें ठरलें. इंजिनाच्या बाजूचे रबरी जोड वांकवून पाहिले, तों एकास केंसाएवढी चीर निघाली. या चिरेंतून चोरटी हवा शिरली असती तर पेटी बसवूनहि पिस्टन पुन्हा धरलाच असता. दोनहि जोड नवे घेतले. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें; तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून पेट्रोलच्या नळ्याहि बदलल्या. इंजिनाच्या उघड्या तोंडांत कचरा जाऊं नये म्हणून कापडाचे बोळे घातले होते. आम्हीं वहींत टीप केली होती : ‘बोळे दोन घातले.’ पुढें ‘दोन काढले’ असें लिहिल्यावरच पुढील कामास हात लावला. पुतण्या हंसला, पण विसरलेला बोळा इंजिनानें गिळल्यास हंसें कोणाचें होतें?

कार्ब्युरेटरांतील वरखालीं होणाऱ्या नळकांडीस स्लाइड म्हणतात. तिच्या एका कडेस तिरपा काप असतो. तो नेहमीं पेटीच्या दिशेस हवा. डावी-उजवीची अदलाबदल होऊं नये म्हणून दोहोंस निरनिराळ्या रंगाचे दोरे बांधले होते. या गाडींत मुठीपासून निघालेल्या एका केबलीस पुढें तीन फांटे फुटतात : दोन कार्ब्युरेटरांकडे आणि तिसरा ऑइलच्या पंपाकडे. मूठ किंचित् पिळतांच दोनहि स्लाइडा एकाच क्षणीं उचलल्या गेल्या पाहिजेत. पुतण्यानें मूठ फिरवावी, आम्हीं दोन तोंडांत दोन बोटें ठेवून जाणावें, असें तासभर चाललें. उजवी रेंगाळत होती. ती केबलीच्या नटानें वळणावर आणली. नंतर पंपावरील खूण जुळविली.

आतां मुख्य संधि. दोन दुपारीं आम्ही हरलों. पेटी आधींच बोल्टांनीं आवळून कार्ब्युरेटर मधल्या चिंचोळ्या जागेंत दडपूं गेलें, कीं एका बाजूची रबराची ओंठाळी दुमडे. ती सरळ करावी, तों दुसरी निसटे. मेकॅनिक कां कंटाळला तें उमगलें. तिसऱ्या दिवशीं भावजय चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, “कुकरची रिंग ताठरली म्हणजे आम्ही ती कढत पाण्यांत टाकतों.” एवढें साधें आम्हां दोघांस सुचलें नव्हतें! पातेल्यांत पाणी आलें, रबरें मऊ झालीं, कडांस साबणाच्या पाण्याचें बोट लावलें. क्रमहि बदलला. पेटीचे बोल्ट ढिले करून ती मागें सरकविली. कार्ब्युरेटर आधीं इंजिनाच्या जोडांत पूर्ण बसविले, ते कलते न राहतां उभे आहेत हें पाहिलें, कारण ते कलले तर वाटींतील पेट्रोलची पातळी चुकते. मग पेटी पुढें आणून तिचीं रबरें त्यांच्या तोंडांवर चढविलीं. आरसा धरून, बोट फिरवून कडा सगळीकडून बसली याची खात्री केली. क्लिपा शेवटीं आवळल्या. सारें काम पंचवीस मिनिटांत झालें.

पेट्रोलची तोटी उघडून दहा मिनिटें थांबलों. कोठें थेंब नाहीं. चौथ्या किकेस गाडी बोलली. अंगणभर निळसर धूर झाला, आणि स्वयंपाकघराच्या दारांत भावजय येऊन उभ्या राहिल्या. मूठ पिळून सोडली, तों आवाज ताबडतोब खालीं उतरला. चोरटी हवा शिरत असेल तर तो वरच रेंगाळतो. थोडें चालविल्यावर प्लग काढून पाहिले : रंग थालिपिठाच्या खरपूस भाजणीसारखा. पांढराफटक असता तर मिश्रण पातळ, काळा व ओला असता तर दाट.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळ जवळ हद्दपार झाला; तें काम आतां इंजेक्शन करितें. यापुढें हीं यंत्रें जाणणारे हात विरळच होणार. ज्यांच्या घरीं अशी एकादी जुनी गाडी असेल, त्यांनीं काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा; आणि जो भाग बसविण्यास त्रासाचा, तो निरुपयोगी असें सांगणाऱ्याचें म्हणणें पुस्तक उघडून पाहिल्याखेरीज मानूं नये. आमच्याकडून ती चूक झाली, आणि तिची किंमत केवळ एका पिस्टनावर भागली हें ईश्वराची कृपा.

गाडी भंगारांत गेली नाहीं. भावजयींनीं दोन अटी घातल्या आहेत : डोक्यावर हेल्मेट, आणि नवा पिस्टन रुळेपर्यंत घाट नाहीं. परवां पुतण्या पर्वतीपर्यंत फेरी मारून आला. मागच्या बैठकीवर आम्ही होतों.