१७ सेंटिमीटरचा मोह

छोटासा, स्मार्ट डेस्कटॉप कुणाला नको असतो? पण मदरबोर्ड आणि कॅबिनेटची साइज ठरवताना नुसतं टेबल मोजून भागत नाही. वाशीमच्या एका खोलीत मला हे कळलं...

मे महिन्यातली दुपार. मी पुण्यात एका डेडलाइनशी झटापट करत होते आणि वाशीमहून धाकट्याचा फोन आला. ‘ताई, पीसी गेला.’ बस्स, एवढंच!

माझा भाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घरातलीच एक खोली हा त्याचा ‘स्टुडिओ’. ऐन सीझन, दोन लग्नांचं फुटेज हातात आणि जुना टॉवर कायमचा गप्प. इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडून त्याने हे काम धरलं, तेव्हापासून बाबा त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. त्यामुळे प्रश्न नुसत्या मशिनचा नव्हता. काम थांबलं असतं, तर ‘मी सांगत होतो ना’ हे वाक्य तयारच होतं.

मी म्हटलं, नवीन पीसी माझ्याकडून. पार्ट्स पुण्यातून घेते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घेऊन येते. लॅपटॉप नको, हे दोघांनाही मान्य होतं. तासन्‌तास रेंडरिंग करायचं, तर सुटे पार्ट बदलता येणारा डेस्कटॉपच बरा. मग मी दुकानं पालथी घालायला लागले आणि एका शोकेससमोर चक्क प्रेमात पडले. मिनी-आयटीएक्स!

मापात काय आहे?

थोडंसं गणित, घाबरू नका. आपला नेहमीचा फुल साइज एटीएक्स बोर्ड इंटेलने १९९५ मध्ये आणला. माप ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा जरा मोठा. १९९७ मध्ये आला मायक्रो-एटीएक्स, २४.४ सेंटिमीटरचा चौकोन. आणि तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये काढलेला मिनी-आयटीएक्स फक्त १७ बाय १७! मायक्रोच्या निम्म्याहूनही कमी जागा.

कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये मोजतात. २० लिटरचा पाण्याचा जार डोळ्यांसमोर आणा. आयटीएक्सच्या कितीतरी कॅबिनेट त्याहून लहान असतात. मायक्रोवाल्या साधारण दीड-दोन जारांच्या. मला काय, ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर मावेल अशीच हवी होती!

मी फोटो पाठवला. पलीकडून उत्तर आलं, ‘ताई, मले शोकेसमध्ये ठेवाचं नाई ना ते. बिघडलं त कोनाले दाखवू?’

मला राग आला. एवढी हौसेने आणतेय आणि याचं आपलं भलतंच! पण रात्री शांतपणे यादी करत बसले, तेव्हा पटायला लागलं.

छोटेपणाची किंमत

आयटीएक्स बोर्डवर रॅमचे स्लॉट दोन आणि कार्डसाठी मोठा स्लॉट एकच. तिथे ग्राफिक्स कार्ड बसलं की विषय संपला. मायक्रोवर कार्डचे चारपर्यंत स्लॉट असू शकतात आणि रॅमचेही बहुधा चार (स्वस्तातल्या बोर्डवर दोनच असतात, बघून घ्या). शिवाय त्याच ताकदीचा आयटीएक्स बोर्ड सहसा महागच पडतो.

हार्ड डिस्कचंही तेच. एकेका लग्नाचं फुटेज शेकडो जीबींत जातं आणि पार्टी दोन वर्षांनी येऊन ‘आमचा ओरिजनल डेटा आहे ना?’ विचारते. चिमुकल्या कॅबिनेटमध्ये मोठ्या हार्ड डिस्कला जागा एखादीच, कधी तीही नाही.

आणि एसएमपीएस! बऱ्याच आयटीएक्स कॅबिनेटना एसएफएक्स नावाचा छोटा एसएमपीएस लागतो. नेहमीचा तिथे शिरतच नाही. वाशीम जिल्हा अकोल्यापासून १ जुलै १९९८ ला वेगळा झाला खरा, पण कॉम्प्युटरचा जरा वेगळा पार्ट हवा असला, की आमच्या घरून गाडी अजूनही सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्यालाच निघते. तिथेही एसएफएक्स मिळेलच, याची खात्री मला कुणी देईना.

उरला वऱ्हाडी उन्हाळा. कूलिंग फॅन कितीही भारी असला, तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यातल्या २८ डिग्रीच्या खोलीत ७५ वर चालणारा प्रोसेसर ४० डिग्रीच्या खोलीत ८७ च्या घरात जाणार. अजून तापला, की स्वतःला वाचवायला वेग कमी करणार आणि रेंडरिंग लांबणार. दाटीवाटीच्या डब्यात हे लवकर होतं.

शेवटी मायक्रो-एटीएक्स बोर्ड, पुढून जाळीचं कॅबिनेट आणि साधा एटीएक्स एसएमपीएस घेतला. ग्राफिक्स कार्ड वेगळ्या खोक्यात, माझ्या सॅकमध्ये. रिकामं कॅबिनेट खाली डिकीत गेलं. मांडीवर काहीच नव्हतं, चक्क झोप लागली!

मग आला डिसेंबर

नवा एसएमपीएस सहा-सात महिन्यांतच गेला. पुन्हा सीझन, पुन्हा फोन. पण या वेळी धाकट्याचा आवाज शांत होता. सकाळी बिघडलं, संध्याकाळी अकोल्याहून नवा एसएमपीएस आला, रात्री दहाला रेंडरिंग सुरू.

‘तू गेला होतास अकोल्याला?’
‘नाई, मी शूटवर होतो. बाबा गेले होते.’

मी पुढे काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तुम्ही खरेदीला निघताय?

* दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट संपतं, खोली बदलते, पीसी सोबत न्यावा लागतो? एकच ग्राफिक्स कार्ड पुरेसं आहे आणि शहरात पार्ट्स सहज मिळतात? मग आयटीएक्स बिनधास्त घ्या.
* मशीन एकाच जागी राहणार, त्यावर पोट चालणार, गाव लहान आणि उन्हाळा मोठा? मायक्रो-एटीएक्स.
* ठरतच नाहीये? कॅबिनेट मायक्रोचं घ्या. आयटीएक्स बोर्ड त्यातही बसतो, स्क्रूची भोकं जुळतात. उलटं मात्र जमत नाही.
* पैसे देण्याआधी कॅबिनेटच्या माहितीतली तीन मापं बघा : ग्राफिक्स कार्डची लांबी, कूलरची उंची, एसएमपीएसचा प्रकार.

आणि दुकानात एखादं गोंडस कॅबिनेट बघून जीव भाळलाच, तर स्वतःला एवढंच विचारा : हे बंद पडेल त्या दिवशी उघडणार कोण, आणि पार्ट आणायला जाणार कोण?