बाईच्या नावचा रुपया

जेंडर बजेट म्हणजे बायकांसाठीचा वेगळा अर्थसंकल्प नव्हे. आहे त्याच अर्थसंकल्पातला पैसा बाईपर्यंत किती पोहोचतो, हे तपासण्याची ही रीत आहे. सुरुवात ऑस्ट्रेलियाने १९८४मध्ये केली. भारतात केंद्र सरकार २००५-०६पासून अर्थसंकल्पासोबत तसे विवरणपत्र मांडते.

विवरणपत्राचे भाग तीन. 'अ'मध्ये पूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना, 'ब'मध्ये ३० ते ९९ टक्के तरतूद स्त्रियांसाठी असलेल्या. त्याहून कमी वाटा असलेल्यांसाठी अलीकडे 'क' भाग जोडला गेला. २०२५-२६च्या विवरणपत्रातला आकडा ४.४९ लाख कोटी रुपयांचा, म्हणजे एकूण अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्के.

आकडा भरघोस दिसतो, पण खरी गोम वर्गवारीत आहे. ग्रामीण घरकुल योजनेची सगळी तरतूद 'अ' भागात दाखवली गेली. वास्तविक घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरही असते आणि राहते त्यात अख्खे कुटुंब! अशा दोन-चार मोठ्या योजनांनी विवरणपत्र फुगते; हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या केंद्रांची रक्कम त्यापुढे चिमूटभर. शिवाय हे आकडे तरतुदीचे. प्रत्यक्ष खर्च किती झाला, कुणावर झाला, हे त्यातून कळत नाही.

महाराष्ट्रात याचे जवळचे रूप गावातच सापडते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारता येते.