क्लच बदलताय? फ्लायव्हीलही बघा

सोयाबीनच्या हंगामात जालन्याच्या मोंढ्याकडे गाडी घेऊन जाणं म्हणजे डाव्या पायाची परीक्षा. पुढे ट्रॅक्टर, मागे टेम्पो. गाडी हातभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते आणि आपला पाय काही क्लचवरून निघत नाही. अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघालेल्या जीपगाड्यांचंही तेच. उलट समृद्धी महामार्गावर (त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला) गाडी एकदा टॉप गिअरला पडली की क्लचला कामच उरत नाही. त्यामुळे क्लच किती किलोमीटर चालेल, याचं एकच उत्तर देता येत नाही.

इंजिनच्या मागच्या टोकाला ओतीव बिडाचं जड चाक असतं, ते फ्लायव्हील. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदाच ठिणगीचा जोर मिळतो. मधल्या वेळात फेरा चालू ठेवायचं काम हे वजन करतं. कुंभार काठीनं चाक फिरवून सोडतो आणि मडकं होईपर्यंत ते फिरत राहतं, तसंच. या चाकाच्या सपाट तोंडावर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबलं की दाब सुटतो. अर्धवट दाबून ठेवलं की प्लेट घसरत राहते, तापते, जळका वास येतो.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘नवी प्लेट टाका.’ चाकाचं नाव कोणी काढत नाही. गॅरेज चालवणारा माझा भाचा सांगतो, “मामू, खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवायची. तो खाली आलाय तेव्हाच चाक बघून घ्या, नाहीतर हीच मजुरी पुन्हा द्याल.” बघायचं काय? रिव्हेटनं पाडलेल्या चऱ्या, केसासारख्या भेगा आणि निळसर डाग. डागाच्या जागी बीड तापून कडक झालेलं असतं. त्यावर नवी प्लेट बसवली तर गाडी उचलताना थरथरते आणि दोष मात्र प्लेटला लागतो.

अशा वेळी चाक फेस करून घेतात. लेथला आमच्या घरच्या दखनीत खराद म्हणतात. मराठीत लाकूड कातणारा तो कातारी. दोन्ही शब्द आता ‘लेथमशीन’खाली दबले. असो, हा कवीचा खेद झाला. कामाची गोष्ट अशी, की लेथचं हत्यार कडक डागावरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो. ग्राइंडिंगचा दगड सगळं सारखं घासतो, म्हणून डाग असतील तर ग्राइंडिंगच मागा. काढायचं असतं मिलिमीटरचे काही दशांश. कंपनीनं ठरवलेल्या किमान जाडीच्या खाली चाक गेलं, किंवा भेगा खोल असल्या, तर नवंच घ्यावं. एवढ्या वेगानं फिरणारं चाक फुटलं तर आजूबाजूला काही शाबूत ठेवत नाही.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत मात्र दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील येतं. ते साध्या चाकासारखं फेस करायला देऊ नये. आतल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या तर बदलावंच लागतं आणि ते महाग असतं. आपल्या गाडीत कोणतं आहे, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा. गिअरबॉक्स उघडाच आहे, तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या. सील गळलं की तेल नव्या प्लेटवर येतं आणि तिचं मातेरं होतं.

एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या खर्चाची नाही, गॅरेजातल्या पोराच्या छातीची आहे. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू श्वासावाटे आत गेले की फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, तोही वीस-तीस वर्षांनी. प्लेट नुसती बघून त्यात ते आहे की नाही, हे कळत नाही. तरी पोरगं हवेचा पाइप घेतं आणि आतली काळी धूळ फुर्रकन उडवतं. भाच्याच्या गॅरेजात आता ती आधी पाण्यानं भिजवतात, मग ओल्या फडक्यानं पुसतात. वेळ जातो म्हणून पोरं कुरकुरतात. पण हवेचा पाइप तिथे फक्त टायरपुरता उरला आहे.