एक ओळ पँट्रीसाठी



थँक्सगिव्हिंग जवळ आले की मुलांच्या दप्तरातून शाळेची चिठ्ठी येते, 'कॅन्ड फूड आणा'. आपण कपाटातून राजम्याचे दोन डबे काढून देतो आणि विसरून जातो. यंदा उन्हाळ्यात मंडळातल्या मुलांकडून भाजी लावून घ्यावी आणि ती जवळच्या फूड पँट्रीला द्यावी, असे आम्हा काही न्यू जर्सीकर पालकांच्या मनात आहे. त्यानिमित्ताने ही माहिती.

आधी एक गोंधळ दूर करू. फूड बँक म्हणजे गोदाम. तिथून माल ज्या छोट्या केंद्रांत जातो आणि जिथे गरजू माणसे प्रत्यक्ष येतात, ती फूड पँट्री. ती बहुधा एखाद्या चर्चच्या तळघरात किंवा कम्युनिटी सेंटरमध्ये असते. पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सुरू केली. आपल्या न्यू जर्सीत कॅथलीन डिकिआरा या बाईंनी १९७५ मध्ये स्वतःच्या गाडीतून अन्न वाटायला सुरुवात केली. त्यातूनच आजचे हिलसाइडचे भलेमोठे गोदाम उभे राहिले.

(आपल्यातल्या आयटीवाल्यांसाठी एक गंमत. देशभरातल्या फूड बँकांना ट्रकभर माल कसा वाटायचा, यासाठी २००५ पासून चक्क लिलाव चालतो. गरजेच्या प्रमाणात प्रत्येक बँकेला खोटे चलन मिळते आणि त्यावर बोली लावायची. ज्यांच्याकडे बटाटे पडून आहेत त्यांच्या गळ्यात आणखी बटाटे पडत नाहीत.)

एवढी यंत्रणा असूनही अमेरिकन कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. आणि पँट्रीत जे मिळते त्यात डबे, पास्ता, सीरिअल यांचाच भरणा. कारण साधे आहे: डबा दोन वर्षे टिकतो, पालक दोन दिवसांत माना टाकतो. छोट्या पँट्रीकडे मोठा फ्रिज नसतो. म्हणून ताजी भाजी जवळूनच, आणि वाटपाच्या दिवशीच आली तर उपयोगी. इथे घरामागची बाग कामाला येते.

अलास्कातल्या ॲंकरेजमध्ये बागकामावर सदर लिहिणारे जेफ लोवेनफेल्स यांनी वाचकांना सुचवले की भाजी लावताना एक ओळ भुकेल्यांसाठी जास्त लावा. १९९५ पासून ही कल्पना देशभर पसरली. साउथ कॅरोलिनातल्या केटी स्टॅग्लिआनोची गोष्ट मुलांना जरूर सांगा. २००८ मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिने शाळेतून मिळालेले कोबीचे रोप लावले. गड्डा भरला चाळीस पौंडांचा! तो तिने सूप किचनला दिला आणि त्या जेवणातून २७५ माणसे जेवली. पुढे तिने इतर मुलांना बागेसाठी पैसे देणारी संस्थाच काढली. आपल्याच राज्यातल्या वेस्ट मिलफर्डचे गॅरी ओपनहायमर यांच्या लक्षात आले की सामूहिक बागेतली जास्तीची भाजी वाया जाते, कारण जवळची पँट्री कुठे आहे हेच बागवाल्यांना ठाऊक नसते. २००९ मध्ये त्यांनी 'अँपल हार्वेस्ट' ही देशभरच्या पँट्र्यांची यादी इंटरनेटवर आणली. बिनखर्चाचा, नेमका उपाय!

आता आपले बघू. मेथी, कारली, दुधी आपण हौसेने लावतो, पण पँट्रीला आधी विचारा. टोमॅटो, काकडी, घेवडा, ढोबळी मिरची सगळीकडे खपते. कारले कसे करायचे हे समजावत बसावे लागेल. मात्र एडिसनसारख्या भागात मेथीलाही घेणारे निघतील. हो, आपल्यातलेही. नोकरी गेली, व्हिसाचे दिवस मोजणे चालू आहे, आणि तरी पँट्रीच्या रांगेत कुणी ओळखीचे भेटेल म्हणून जायचे नाही, हे आपल्या समाजात घडते. आपली मुले तिथे भाजी घेऊन नेहमी जाऊ लागली तर ती जागा परकी वाटणार नाही, हा आमचा खरा हेतू.

घराचा रंग जुना असेल तर जमिनीत शिसे असू शकते, म्हणून रटगर्सच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या किंवा लाकडी चौकटीत नवी माती भरा. ताजे शेणखत नको, चांगले कुजलेलेच घाला. चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला १९९६ चा केंद्रीय कायदा संरक्षण देतो, तेव्हा ती काळजी नको. पण घरी शिजवलेले पदार्थ पँट्र्या सहसा घेत नाहीत. गणपतीचा उरलेला मसालेभात तिकडे नेऊ नका!

टोमॅटोचे बी मार्चअखेर घरातच, खिडकीपाशी पेरा. मेच्या मध्यापर्यंत थंडीचा भरवसा नसतो, त्यानंतरच रोपे बाहेर लावा. आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा अर्धे मंडळ भारतात गेलेले असते आणि टोमॅटो मात्र लगडलेले असतात, तेव्हा पाणी कोण घालणार, हे आत्ताच ठरवून ठेवा.